मागच्या भिंतीवरचा बोळ

लग्न होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. मी आत शेंगा सोलत होते आणि बाहेरच्या खोलीत माझे धाकटे दीर आणि त्यांच्या ऑफिसचे साहेब यांचं चांगलंच वाजलं होतं. नव्या सुनेने कान देऊन ऐकू नये म्हणतात. मी कान दिले नव्हते, पण मधे नुसता पडदा, आणि डोळ्यांसारखे कान काही मिटता येत नाहीत. शेंगा मात्र मी जरा हळू सोलायला लागले, उगाच त्यांचा आवाज मधे नको.

"तुला पगार मिळतो तो नोटीस लावायचा की वाचून दाखवायचा?" साहेब विचारत होते.

"लावायचा, साहेब."

"मग वाचतोस कशाला?"

"लोक विचारतात, काय लिहिलंय म्हणून."

"त्यांना सांगायचं, वाचा."

"त्यांना वाचता येत नाही, साहेब."

"मग तो प्रश्न शिक्षण खात्याचा! आपलं खातं वेगळं!"

मग भाऊजी अगदी गरीब आवाजात म्हणाले, "साहेब, लोकांना कळू न देता कळवायचं असेल, तर तेवढं मला लेखी द्या. मी तसं करतो."

लेखी म्हटल्यावर साहेबांचा आवाज खाली आला. सासूबाईंनी मला चहा ठेवायला सांगितला. साहेबांनी तो बशीत ओतून फुर्र करून प्यायला आणि लेखी काही न देता निघून गेले. त्या दिवशी मला कळलं की ह्या घरात आपले हे अगदी साधे आहेत, पण धाकटं माणूस दिसतं तसं नाही.

भाऊजींचं काम ऐकायला सोपं. गावात कुणालाही घर बांधायचं असलं, मजला चढवायचा असला, नाहीतर गोदाम उभारायचं असलं, की त्याने बांधकाम परवान्याच्या ऑफिसात नकाशा आणि अर्ज द्यायचा. मग ऑफिसने त्या जागेवर एक कागद लावायचा: इथे अमुक माणूस अमुक इतकं उंच बांधणार आहे, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. तो कागद लावणारे आमचे भाऊजी. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात कुंचला, काखेत नोटिसांची गुंडाळी. सगळं गाव त्यांना नोटीसवाले म्हणायचं. जाऊबाईंना हे नाव मुळीच आवडायचं नाही. त्या सांगताना सांगायच्या, "आमचे हे नियोजनात आहेत."

खळ मी शिजवायची. जाऊबाईंची फार घट्ट व्हायची. सुरुवातीला शेळ्यांनी फार छळलं. कणकेची खळ, वर कोरा करकरीत कागद. शेळीला आणखी काय हवं? भाऊजी सकाळी नोटीस लावायचे आणि दुपारपर्यंत हरकत घ्यायला काही उरायचंच नाही. मी म्हटलं, खळीत तिखट घालू या. घातलं. शेळ्यांना ते इतकं आवडलं की शेजारच्या गल्लीतल्या शेळ्याही यायला लागल्या. शेवटी भाऊजींनी एक शेळी मागच्या पायांवर उभी करून, तिचं तोंड कुठवर पोचतं ते मोजलं आणि त्याच्या वर एक वीत धरून नोटिसा लावायला लागले. आता तेवढ्या उंचीवरचं वाचायचं तर बुटक्या बायकांना मान मोडून बघावं लागे. म्हणूनच तर ते वाचून दाखवायला लागले. साहेबांना ही शेळीची बाजू कधी कुणी सांगितलीच नाही.

नोटीस लावली की ते लगेच निघत नसत. चारी कोपरे अंगठ्याने दाबायचे, दोन पावलं मागे सरकून कागद सरळ आहे ना बघायचे, मग घसा खाकरून मोठ्याने वाचायचे. वाचून झालं की सरकारी भाषेचं साध्या भाषेत सांगायचे: "म्हणजे काय, तर ह्यांचा जिना तुमच्या न्हाणीच्या खिडकीसमोर येणार." आणि अर्धा तास तिथेच थांबायचे. कुणाला हरकत घ्यायची असली आणि लिहिता येत नसलं, तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे आणि स्वतःच ऑफिसात जमा करायचे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि करू नका म्हणून सांगायचं, तर कुणाला तरी तसं लेखी द्यावं लागलं असतं.

तीस वर्षं असंच चाललं. ऑफिस काही फार शहाणं होतं असं नाही हं. नकाशा बारा टेबलांवरून फिरायचा. आमच्या मागच्या अंगणात न्हाणीघर बांधायचं होतं, तेवढ्याला एकोणीस महिने लागले. घरात त्याच ऑफिसचा माणूस असूनसुद्धा! सासूबाई म्हणायच्या, "माझ्या आंघोळीला बारा पुरुषांच्या सह्या लागतात, हे कुणाला सांगायची सोय नाही." परवानगी आली तोवर विटांवर गवत उगवलं होतं.

म्हणून सुधारणा आली तेव्हा मला तरी बरं वाटलं. वरून हुकूम आला की आता सगळं कॉम्प्युटरवर. नकाशा कॉम्प्युटरवर, सही कॉम्प्युटरवर, बारा टेबलांचं एक टेबल. तीस दिवसांत ऑफिसने उत्तर दिलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजायचं. आणि नोटीसही कॉम्प्युटरवरच. जगात कुठेही बसून वाचा. आमच्या घरांच्या रांगेतली माणसं जगात कुठेही बसत नाहीत, घरासमोरच्या ओट्यावर बसतात, पण ते असो. नोटीस लावणाऱ्याची जागाच कागदावरून काढून टाकली. नोकरीची दीड वर्षं उरली होती, म्हणून भाऊजींना घरी पाठवलं नाही. त्यांना पाण्याच्या कूलरशेजारी एक खुर्ची दिली.

"काय करायचं असतं तिथे?" मी विचारलं.

"बसायचं."

"आणि?"

"कुणी पाणी प्यायला आलं की पाय आत घ्यायचे."

महिनाभर माणूस पाय आत घेत होता. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. जाऊबाई एकदा म्हणाल्या, "अहो, खुर्ची मिळाली तर लोक पेढे वाटतात, तुम्ही तोंड का पाडून बसलाय?" तर म्हणाले, "कुंचला धरायची सवय आहे, हाताला काही सुचत नाही."

मग ऑफिसात एक अडचण निघाली. कॉम्प्युटरवरचा नवा अर्ज कुणीतरी जुन्या अर्जावरून उतरवून काढला होता. जुन्यात एक रकाना होता: जागेवर नोटीस लावल्याचा पुरावा. नव्यातही तो तसाच राहिला, फक्त पुराव्याच्या जागी फोटो आला. म्हणजे नोटीस लावायची नाही, लावणारा माणूस काढून टाकला, पण लावल्याचा फोटो टाकल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. हेडक्लार्कने वर पत्र लिहिलं. वरून उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. इकडे तीस दिवस मोजले जातायत!

हेडक्लार्क कूलरपाशी आला. "काका, तुमचा डबा आहे का हो अजून?"

भाऊजी खुर्चीतून असे उठले की कूलरच हलला.

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. ऑफिसच्या मागे. मागच्या भिंतीवर लावा, मी फोटो काढतो. मशीनला भिंत दिसली की झालं, कुठली ते ती विचारत नाही."

"आणि वाचून?"

"तिथे कुणाला वाचून दाखवणार? कुत्र्याला?"

कुत्रा खरंच होता. भुरा, एक कान लोंबता, पावसाच्या पाण्याच्या पाइपाखाली कायम झोपलेला. भाऊजींनी नोटीस लावली, कोपरे दाबले, दोन पावलं मागे सरकले. हेडक्लार्कने फोटो काढला. मशीन पुढे सरकलं. दुसऱ्या दिवशी तीन नोटिसा आल्या, पुढच्या आठवड्यात अकरा. मी पुन्हा खळ शिजवायला लागले. भाऊजींच्या हाताला काम मिळालं, जेवण वाढलं. मी दोनदा विचारलं, की हे बरोबर आहे का हो? तर म्हणाले, "वहिनी, चूक आहे. पण सरळ तरी लावतोय." आणि एक केलं त्यांनी, जे तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. नोटिसा वाचणं सोडून दिलं. ऐकायला कुणी नाही तर वाचायचं तरी कशाला? एकावर एक लावत गेले.

पाच महिन्यांत त्या भिंतीवर कागदांची गादी झाली. वरची नोटीस फुगायला लागली, कडा सुटायला लागल्या. भाऊजींना सुटलेली कड सहन होत नाही. एक दिवस पाण्याची बादली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन ते सगळं खरवडायला बसले. वरचे तीन-चार थर निघाले आणि खाली एका ओल्या कागदावर त्यांना आमच्या रांगेचा नंबर दिसला.

ते घरी आले तेव्हा हातात तो कागद होता, अर्धा फाटलेला, खळीने लिबलिबीत. ओट्यावर बसले. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"वहिनी, मी आपला बोळ बंद केला."

आमच्या रांगेबद्दल सांगायला हवं. एकोणीस घरं, त्यातलं एक आमचं आणि त्याला लागून भाऊजींचं, सासूबाईंमागे मधे भिंत घालून एकाची दोन केलेली. मागे नाला, एका अंगाला सिमेंटवाल्याच्या गोदामाची भिंत, दुसऱ्या अंगाला त्याचाच मोकळा प्लॉट. रस्त्यावर यायला प्लॉटच्या कडेने एक बोळ, नऊ फुटांचा. आम्ही लग्न होऊन आलो त्याच बोळातून, सासूबाई गेल्या त्याच बोळातून. दुसरी वाटच नाही. नाल्यातून पलीकडे जायचं तर आधी म्हशीचा जन्म घ्यावा लागेल. आणि त्या कागदावर लिहिलं होतं की सिमेंटवाला त्या प्लॉटवर, रस्त्यापासून नाल्यापर्यंत, अगदी आमच्या रांगेला चिकटून पाच मजले बांधणार. बोळाचं नाव नाही.

"कधी लावलीत ही?" मी विचारलं.

"आज तेरावा दिवस."

"आणि वाचली नाहीत?"

तेवढंच विचारायला नको होतं. साठीला टेकलेला माणूस, पण चेहरा असा केला की मला वाटलं आता रडतात की काय. जाऊबाई आतून आल्या, कागद बघितला, नवऱ्याकडे बघितलं. एरवी त्या गप्प राहणाऱ्यातल्या नाहीत. त्या दिवशी न घेतलेलं पाणी उचलून आत गेल्या. ते जास्त वाईट.

पंधरा दिवसांपैकी दोन उरले होते. आमच्या ह्यांनी रांगेतल्याच इस्त्रीवालीच्या मुलीला बोलावलं, तिच्याकडे मोठा फोन होता. हरकत आता कॉम्प्युटरवरच घ्यायची ना! तिने पान उघडलं. आधी घराचा नंबर विचारला, तो दिला. मग मालकाचं नाव. घर अजून सासऱ्यांच्या नावावर. तेही दिलं. मग ती म्हणाली, "काकू, मालकांच्या मोबाइलवर एक आकडा आलाय, तो सांगा."

"मालक वारून सव्वीस वर्षं झाली गं."

"पण तो आकडा टाकल्याशिवाय पुढे जात नाही."

"त्यांच्या काळात मोबाइलच नव्हता, बाई. असता तरी त्यांनी उचलला नसता, हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत."

एकोणीस घरांची तीच गत. कुणाचं आजोबांच्या नावावर, कुणाचं चुलत्याच्या, एक तर अशा बाईच्या नावावर की ती कोण हेच कुणाला ठाऊक नाही. मशीनच्या हिशेबी आमच्या रांगेत सगळी मेलेलीच माणसं राहत होती. हरकत घेणार कोण?

भाऊजी म्हणाले, "मी उद्या नव्या साहेबांना जाऊन सांगतो, की चूक माझी."

नवे साहेब येऊन दोन महिने झाले होते. तरुण, इस्त्रीचे कपडे, सुधारणेवर मनापासून विश्वास. त्यांना मागची भिंत ठाऊकच नव्हती. हेडक्लार्कने त्यांची त्या बाजूची खिडकी बंद करून ठेवली होती, डास येतात म्हणून.

आमचे हे म्हणाले, "तुला घरी बसवतील आणि बोळ जाईल तो जाईलच."

मी विचार करत होते. मी काही फार शिकलेली नाही, तिसरीत शाळा सुटली. पण एक गोष्ट मला कळेना, ती मी विचारली. "भाऊजी, त्या अर्जात फोटो आहे ना? त्यात आपला बोळ कुठे दिसतो?"

"दिसत नाही, वहिनी. भिंत दिसते ऑफिसची. पाइप दिसतो. कुत्रा दिसतो."

"आणि खाली काय लिहिलंय?"

"अर्जातली जागा, असं."

"साहेबांनी ते मान्य केलंय?"

"मशीनने केलंय."

"मग झालं तर," मी म्हटलं. "सरकार म्हणतंय आपली जागा तिथे आहे. उद्या तिथेच जाऊ."

भाऊजींना कळायला थोडा वेळ लागला. पण एकदा कळलं, आणि पडद्यामागून ऐकला होता तो आवाज मी पुन्हा ऐकला. अगदी गरीब. "फोटोची एक प्रत काढून आणतो. सोबत असलेली बरी."

सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही अकरा बायका ऑफिसच्या मागे पोचलो. बादल्यांतून धुतलेले कपडे नेले होते, दोरी, दोन स्टुलं, आणि नाल्याकडच्या घरातल्या म्हातारीची खुर्ची. ती बोळाच्या तोंडाशी रोज बसते, तिला जागा बदललेली चालत नाही, म्हणून तिलाही आणलं. दोरीचं एक टोक पाइपाला बांधलं, दुसरं साहेबांच्या बंद खिडकीच्या गजाला. चादरी, उशांचे अभ्रे, जाऊबाईंच्या घरातले पडदे. कुत्र्याने एक डोळा उघडला, आम्हाला बघितलं आणि मिटला. त्याला सुधारणा काय किंवा आम्ही काय, सारखंच.

गजाला ओढ बसली तशी खिडकी करकरली आणि उघडली. आत साहेब.

"अहो, हे काय चाललंय?"

"कपडे वाळत घालतोय, साहेब," मी म्हटलं.

"इथे?"

"आमचा बोळ आहे हा."

"बोळ? बाई, हे सरकारी ऑफिस आहे!"

"ते पुढून, साहेब. मागून बोळ."

साहेब बाहेर आले, मागोमाग हेडक्लार्क. साहेबांचा चेहरा गोंधळलेला, हेडक्लार्कचा नाही. त्याला पहिल्या चादरीलाच सगळं समजलं होतं. तो म्हणाला, "बायांनो, उगाच तमाशा करू नका, चला निघा."

इस्त्रीवाली म्हणाली, "निघायचंच तर वाट इथूनच आहे, दादा. आम्हाला दुसरी वाट नाही, म्हणून तर आलो."

मी साहेबांच्या हातात कागद दिला. "हे बघा. तुमच्याच ऑफिसचा. वर आमच्या रांगेचा नंबर. खाली फोटो. ही भिंत, हा पाइप, हा कुत्रा. लिहिलंय, अर्जातली जागा. शिक्का आहे. आता सरकारच म्हणत असेल की आमचा बोळ इथे आहे, तर आम्ही कुठे वाळत घालायचं?"

साहेबांनी फोटो बघितला, भिंत बघितली, फोटो बघितला. मग खाली वाकून कुत्रा बघितला. लोंबता कान उचलूनसुद्धा बघितला, खात्री करायला.

"हा फोटो चुकून आला असेल," ते म्हणाले.

"चुकून आला असेल तर तसं लेखी द्या," जाऊबाई म्हणाल्या. मी चकित! तीस वर्षांत नवऱ्याचा गुण लागला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

साहेबांनी खिशातून फोन काढला, त्यावर ऑफिसचे सगळे अर्ज दिसतात म्हणे. एक उघडला. मग दुसरा. मग भराभर अंगठा फिरवायला लागले. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता, कारण मी स्टुलावर उभी होते.

"हा कुत्रा," ते हळूच म्हणाले, "शाळेच्या जागेवर आहे."

त्यांनी अंगठा पुन्हा फिरवला.

"पेट्रोल पंपावर आहे. दवाखान्याच्या जागेवरही आहे."

"फिरता असतो साहेब कुत्रा," हेडक्लार्क म्हणाला.

"झोपलेला?"

एकशे त्रेचाळीस अर्ज निघाले. एकशे त्रेचाळीस जागा, भिंत एक. साहेब म्हातारीशेजारच्या स्टुलावर बसले. म्हातारीने त्यांना विचारलं, "नवीन राहायला आलात का?" त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

भाऊजी तोवर कोपऱ्याशी उभे होते. ते पुढे आले. "साहेब, लावल्या मीच."

"का?"

"फोटो हवा होता."

"तुम्ही तरी वाचायच्या होत्या!"

"हो, साहेब," भाऊजी म्हणाले. "ती चूक माझी. बाकीची वाटून घ्या."

आता साहेबांपुढे दोनच वाटा होत्या. फोटो खरा म्हणावा, तर त्यांची मागची भिंत आमच्या रांगेची, आणि पुढे शाळेची आणि पेट्रोल पंपाचीही. खोटा म्हणावा, तर लोकांना कळवलंच नाही, पंधरा दिवस सुरूच झाले नाहीत. ते बराच वेळ बसून राहिले. चादरी वाळल्या तेव्हा उठले आणि म्हणाले, "तुम्ही घरी जा. मी उद्या स्वतः बोळ बघायला येतो."

"कुठला?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

ते आले खरे. फीत घेऊन आले, सिमेंटवाल्याचा नकाशा घेऊन आले. सिमेंटवाला म्हणत होता, नकाशात बोळ नाही म्हणजे बोळ नाही. साहेब बोळात उभे राहून नकाशा उलटा धरून बघत होते, सुलटा धरून बघत होते. मग त्यांना दिसलं. आमचा बोळ जिथे यायला हवा, बरोबर तिथे नकाशा काढणाऱ्याने उत्तर दिशा दाखवणारा बाण काढला होता. चांगला मोठा, सुंदर, पिसाऱ्यासकट. त्याच्याखाली नऊ फूट दबले होते. साहेबांनी बाण दुसऱ्या कोपऱ्यात हलवायला लावला आणि इमारत नऊ फूट आत. सिमेंटवाला कुरकुरला, पण इमारत बांधली. आता तिची सावली दुपारी आमच्या ओट्यावर पडते, ते बरंच आहे.

भाऊजींना मेमो मिळाला. वाचला त्यांनी, नीट. मग डबा काढला आणि तो मेमो ऑफिसच्या पुढच्या फळ्यावर लावला, चारी कोपरे दाबून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेलसा. साहेबांनी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "माझ्याविरुद्धची नोटीस आहे. कुणाची हरकत असल्यास कळवावी." साहेब हसले असावेत, कारण त्या मेमोचं पुढे काही झालं नाही. हेडक्लार्कची बदली झाली. त्यालाही काही फार वाईट माणूस म्हणता येणार नाही. मशीनने मागितलं ते त्याने दिलं.

एकशे त्रेचाळीस नोटिसा पुन्हा लावायच्या ठरल्या, आणि लावणारा एकच. नोकरीचं एक वर्ष उरलं होतं. भाऊजींची खुर्ची कूलरपाशी रिकामी राहिली. लोक तिच्यावर ग्लास ठेवायला लागले. वरून नवा हुकूमही आला की नोटीस कॉम्प्युटरवर तर हवीच, शिवाय जागेवरही लावावी, आणि हरकत कागदावर आली तरी घ्यावी. आता परवानगी खरंच लवकर मिळते, हे मी खोटं कशाला सांगू? न्हाणीघराला एकोणीस महिने लागले तसं आता होत नाही.

भाऊजींना जाऊन आता दोन वर्षं होतील. माझ्या मनात मात्र ते नोकरीच्या शेवटच्या दिवशीचेच राहिलेत. ऑफिसात हारतुरे संध्याकाळी पाचनंतर होते. दुपारी ते डबा घेऊन रांगेत आले. काखेत एकच कागद. मी ओट्यावर होते. ते माझ्या घरावरून पुढे गेले आणि त्यांच्या स्वतःच्या दाराशी थांबले.

जाऊबाई बाहेर आल्या. "जेवायला आलात?"

"कामावर आहे," ते म्हणाले आणि दाराशेजारच्या भिंतीला खळ लावली.

माझ्या पुतण्याने, म्हणजे त्यांच्याच मुलाने, स्वयंपाकघरावर खोली चढवायचा अर्ज केला होता. भाऊजींनी कागद लावला. कोपरे दाबले. दोन पावलं मागे सरकले, डावीकडून केसभर वर केला. घसा खाकरला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं, मुलाच्या नावासकट, आडनावासकट, जणू आयुष्यात कधी ऐकलं नसावं. मग साध्या भाषेत सांगितलं: "म्हणजे काय, तर ह्यांची वरची खोली झाली की शेजारच्या घरातल्या चुलीपाशी दुपारनंतर उजेड राहणार नाही."

शेजारचं घर म्हणजे माझं.

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" जाऊबाई म्हणाल्या. "लावलीत ना? आता या आत."

"अर्धा तास थांबायचं असतं."

ते थांबले. उन्हात, डबा खाली ठेवून, स्वतःच्या दाराकडे तोंड करून. कुणी पुढे येईना. घरातलीच गोष्ट, कोण बोलणार? मी दोन-तीनदा उठले, बसले. चुलीपाशी तीसहून जास्त वर्षं काढलीत मी, त्या खिडकीतल्या उजेडात. खोली नको असं नाही. खिडकी तेवढी सोडून बांधली तर काय बिघडतं?

मी गेले. "भाऊजी, माझी एक हरकत आहे."

"वहिनी!" जाऊबाई ओरडल्या.

भाऊजींनी खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला. "बोला. तुमच्याच शब्दांत. सावकाश."

मी बोलले, त्यांनी लिहिलं. वाचून दाखवलं. मी खाली सही केली. माझ्या सहीला वेळ लागतो, ते थांबले. मग कागदावर फुंकर मारून घडी केली, वरच्या खिशात ठेवली, डबा उचलला. जाऊबाईंनी दार आपटलं, त्याचा नव्या नोटिशीला धक्का लागला नाही ना, तेवढं त्यांनी वळून बघितलं. साडेचार वाजत आले होते. पाचला हरकती घ्यायची खिडकी बंद होते, म्हणून माझी हरकत जमा करायला ते भरभर चालत ऑफिसकडे गेले.